घसारा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा होती. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीचं खजिनदारपद चुकत नाही. कादंबऱ्या लिहिल्या म्हणूनही त्यातून सुटका होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. विषय होता लिफ्टच्या देखभालीच्या वार्षिक कराराचा. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "लिफ्ट वर्षभरात एकदाही बंद पडलेली नाही. मग ही माणसं दर महिन्याला येऊन करतात तरी काय? आणि आपण पैसे देतो ते कशाचे?"

निम्म्या माना डोलल्या. करार बंद करू, लिफ्ट बिघडली की माणूस बोलावू, असंही कोणी तरी सुचवलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आकड्यांतला माणूस म्हणून मी याला पाठिंबा देणार, अशी त्यांची खात्री होती.

मी विरोध केला. पण का, ते मला नीट सांगता आलं नाही. सांगायचं तर १९८७ सालापर्यंत मागे जावं लागलं असतं, आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. तेव्हा जे सभेत राहून गेलं, ते इथं सांगतो.

त्या वर्षी मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. वय अठ्ठावीसच्या आतबाहेर. गावापासून चार मैलांवर सहकारी साखर कारखाना होता आणि आमच्या शाखेची निम्मी उलाढाल त्याच्या जिवावर चालायची. कारखान्याची साखर बँकेकडे तारण असे. गोदामाच्या प्रत्येक दाराला दोन कुलपं, एक कारखान्याचं आणि एक बँकेचं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय आतलं एक पोतंही हलायचं नाही. दर पंधरवड्याला जाऊन शंभर-शंभर किलोच्या पोत्यांच्या थप्प्या मोजायच्या, रजिस्टरवर सही करायची आणि आपलं कुलूप ओढून पाहून परत यायचं, हे माझं काम. त्या कुलपाचा मला मोठा अभिमान होता.

साखर कारखान्याचा हंगाम म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला लागत नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढे उसाच्या पट्ट्यात तालुक्या-तालुक्यांत धुराडी उभी राहिली. दिवाळीच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस तो घोष चालू. बैलगाड्यांच्या रांगा, मळीचा वास, चाळीस कोसांवरून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण हंगाम संपला, भोंगा थांबला, की पुढचे सहा महिने त्या पत्र्याच्या छपराखाली काय चालतं, हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात कारखान्याकडून कर्जाची मागणी आली. बंद काळातल्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च भागवण्यासाठी. सोबत कामांची टंकलिखित यादी, चोवीस पानं. आमचे मॅनेजर म्हणाले, "एवढं काय दुरुस्त करतात हो दर साली? जरा बघून या."

बंद कारखाना म्हणजे चार पहारेकरी आणि झोपलेली कुत्री, अशी माझी कल्पना. आत शिरलो तर पाचशे माणसं कामात. दिवाळीच्या आधी घरातले सगळे डबे, पातेली, पिंपं अंगणात काढून ठेवावीत, तसा तो कारखाना पोटातलं सगळं बाहेर मांडून बसला होता. माणसाच्या कमरेइतक्या उंचीचे दाते, साखळ्या, पंप, झडपा आणि नळ्यांचे ढीग. प्रत्येकावर खडूनं आकडा घातलेला. एका बाजूला वेल्डिंगचा निळा उजेड, दुसरीकडे घणाचे ठोके, आणि वरून साखळी-पुलीवर लोंबकळत हळूहळू सरकणारा कित्येक टनांचा रोलर. त्याखालून जाऊ नका, म्हणून एकानं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

ते हेडफिटर होते. साठीला टेकलेले, सडपातळ, डोक्याला गांधी टोपी, अंगावर तेलानं काळी पडलेली खाकी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

मिस्त्रींनी मला दोन दिवस कारखाना दाखवला. ऊस पिळणाऱ्या प्रत्येक मिलमध्ये तीन मोठे रोलर असतात, एक वर आणि दोन खाली. त्यांच्या अंगावर दाते कोरलेले असतात. उसाबरोबर माती येते, वाळू येते, कधी चुकून एखादा कोयताही येतो. हंगामाअखेर दाते झिजून जातात आणि रोलर गुळगुळीत होतो. गुळगुळीत रोलर उसाला धरत नाही. ऊस घसरतो, रस चोथ्यातच राहतो आणि तेवढी साखर बगॅसबरोबर भट्टीत जळून जाते. म्हणून रोलर लेथवर चढवून दाते पुन्हा कोरायचे, आणि त्यांच्यावर वेल्डिंगचे बारीक-बारीक थेंब बसवून ते मुद्दाम खरबरीत करायचे. मी म्हटलं, "म्हणजे पाट्याला टाकी लावतात तसंच." मिस्त्री खूष झाले. म्हणाले, "बराबर ओळखलंसा. टाकीच ही. फकस्त पाटा मोठा."

रस आटवण्याच्या भांड्यांत त्या काळी हजारो पितळी नळ्या असत. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो, तसा त्या नळ्यांना धरतो. थर धरला की उष्णता आत पोचत नाही आणि त्याच रसाला जास्त वाफ लागते. सोडा घालून उकळायचं आणि मग एकेका नळीतून कटर फिरवायचा. आत उतरलेला माणूस दोन तासांनी बाहेर येई तेव्हा पापण्यांसकट पांढरा झालेला असे. बॉयलरचं तर सरकारी परीक्षकच येऊन बघणार. पूर्ण पाण्यानं भरायचा आणि नेहमीच्या वापराहून जास्त दाब देऊन पाहायचा. वाफेऐवजी पाणी का, तर पाणी दाबलं जात नाही. एखादा सांधा सुटलाच तर पाणी गळून दाब तिथल्या तिथे उतरतो. वाफ असती तर छप्पर उडालं असतं.

मला सर्वांत नवल वाटलं ते बेअरिंग घासण्याचं. शाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावायचा, तो बेअरिंगमध्ये ठेवून थोडा फिरवायचा आणि उचलायचा. जिथं निळा डाग उठला तो भाग उंच. स्क्रेपरनं तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, पुन्हा डाग. सगळ्या अंगावर सारखे ठिपके उठेपर्यंत हे चालायचं, कधी कधी दोन-दोन दिवस. एका बैठकीत जेवढा धातू निघतो, तो चिमटीतही मावून उरेल. मी विचारलं, "मिस्त्री, एवढं कशासाठी?" ते म्हणाले, "साहेब, पाच महिने त्यो शाफ्ट हितं निजनार हाय. गादी टोचाय नगं."

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळतात, ती खांदेमळणी ठाऊक असेल. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती विचारपूस. मिस्त्री कारखान्याच्या या सहा महिन्यांना खांदेमळणीच म्हणत.

आणखी एक गोष्ट मी तिथं पाहिली. तेव्हा ती मला गमतीची वाटली होती. मिस्त्री कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी वीज विभागात जात. त्या यंत्राच्या स्टार्टरचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज स्वतःच्या हातानं उपसून काढत आणि खाकी पँटच्या खिशात टाकत. काम संपलं, सगळे बाहेर आले, एकेकाचं नाव घेऊन झालं, की मगच फ्यूज परत जागेवर. कधी कधी त्यांच्या खिशात तीन-तीन फ्यूज वाजत असत. मी म्हटलं, "खटका बंद केला की पुरे नाही का?" ते म्हणाले, "खटका कुनीबी चालू करतंय. फ्यूज माझ्या खिशात हाय. माझ्या खिशात कोन हात घालतंय?"

आता यादीकडे येतो. मला वाटलं होतं, की मिस्त्री सगळंच नवं मागत असतील. तसं नव्हतं. फोरमननं केलेल्या पहिल्या यादीतल्या कितीतरी बाबी त्यांनीच खोडल्या होत्या. एका पंपापुढे उभं राहून त्यांनी मला कारण सांगितलं. त्याचं बेअरिंग चांगलं चालतंय. हंगामात ते रोज कानाला लोखंडी सळई लावून त्याचा आवाज ऐकत होते. चांगलं चाललेलं उघडलं, तर धूळ जाईल, एखादा बोल्ट कमी-जास्त आवळला जाईल. बरं असलेल्या माणसाचं पोट कशाला फाडायचं?

या शहाणपणाचा पुरावा मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ब्रिटिश विमानांचा अभ्यास वॉडिंग्टन नावाच्या एका जीवशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला होता. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर विमानांची ठरलेली तपासणी होई. आकडे मांडल्यावर दिसलं ते उलटंच. तपासणी होऊन विमान बाहेर पडलं की लगेचच बिघाड वाढत, आणि मग हळूहळू कमी होत. विनाकारण उघडझाप केल्यानं आजार उपजत होता. तेव्हा काय उघडायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळणं म्हणजेच देखभाल. त्या चोवीस पानांत जे उरलं होतं, ते अशा नजरेतून गाळून उरलेलं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला हिशेब कळत होता. रक्कम बसवायची तर कुठं तरी कात्री लावणं भाग होतं, निदान तशी आमच्या कचेरीची रीत होती. कात्री न लावता प्रस्ताव वर पाठवला तर अधिकाऱ्यानं तो वाचलाच नाही असं वाटे. मी पानं उलटत गेलो. एका बाबीवर थांबलो. 'मुख्य केन कॅरिअरची चेन, नवीन.' आकडा मोठा होता. केन कॅरिअर म्हणजे गव्हाणीतला ऊस मिलपर्यंत वर चढवणारा लांबलचक सरकता पट्टा. तो लोखंडी चेनवर चालतो. मी कारखान्याच्या इंजिनिअरना फोनवर विचारलं, "गेल्या हंगामात ही चेन तुटली होती का?"

"नाही."

"मग?"

त्यांनी काही तरी समजावण्याचा प्रयत्न केला. मी लाल शाईनं शेरा मारला, 'पुढील हंगामी विचार व्हावा.'

पुढच्या बाजाराच्या दिवशी मिस्त्री बँकेत आले. माझ्यापुढच्या खुर्चीवर बसायला तयार होईनात, कपडे तेलकट म्हणून. उभ्या-उभ्याच त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. आत लोखंडाची वीतभर पिन होती. चेनच्या दोन कड्या जोडणारी. म्हणाले, "नख फिरवून बगा." मी नख फिरवलं. वरवर सरळ दिसणाऱ्या त्या पिनेला मध्ये खळगा पडला होता. नख अडकलं.

मग त्यांनी मला हिशेब घातला, माझ्याच भाषेत. पिन दीड मिलिमीटर झिजली. ती ज्या बुशमध्ये फिरते तोही तेवढाच झिजला. एका सांध्यात झाले तीन. चेनला तीनशे सांधे. म्हणजे नऊशे मिलिमीटर, जवळजवळ एक मीटर. कडी एकही ताणलेली नाही आणि चेन मात्र मीटरभर लांब झाली. लांब झालेली चेन चक्राच्या दात्यात नीट बसत नाही, दात्याच्या टोकावर चढते. गेल्या साली कड्या काढून निभावलं, आता काढून भागायचं नाही. "चेन तुटायच्या आदी सांगती, साहेब. ही सांगाय लागलीया."

मी आठ वर्षं व्याजाचे हिशेब करत होतो. थोडं-थोडं साचून मोठं कसं होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्यांचं म्हणणं मला तिथल्या तिथं पटलं. पण मंजुरीचा कागद वर गेला होता. तो परत मागवायचा तर माझाच शेरा चुकला असं लिहून द्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की बघू, मिस्त्री." ते "बरं" म्हणाले आणि गेले. पिन टेबलावरच राहिली. मी ती कागदांवर वजन म्हणून ठेवून दिली.

चेन १९८८च्या जानेवारीत तुटली. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. रात्री दोनच्या सुमाराला. चढणीवरच्या पट्ट्यांसकट निम्मी चेन उसाच्या भारानं खाली ओढली गेली आणि तळाशी ढीग होऊन पडली. कारखाना अडतीस तास बंद राहिला.

दिवसाला दोन हजार टन ऊस गाळणारा कारखाना अडतीस तास बंद राहतो म्हणजे काय, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. ऊस तोडल्यापासून त्याचं वजन घटू लागतं आणि आतली साखरही मोडू लागते. उन्हात थांबलेल्या गाड्यांमध्ये शेतकऱ्याचा माल सुकत होता. दीड मैल रांग. जू उतरवलेले बैल वाढे चघळत उभे. बीडकडून, पाथर्डीकडून आलेल्या तोडकऱ्यांना टनावर मजुरी. तोड थांबली की त्यांची कमाई थांबली. रांगेच्या कडेला तीन दगडांची चूल करून एक बाई भाकरी थापत होती. तिनं मला विचारलं, "कवा सुरू व्हईल वं, सायेब?" आत मिलमध्ये थांबलेला रस आंबू लागला होता. मी काहीच उत्तर दिलं नाही.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. दुसऱ्या रात्री चेन जोडायचं काम शेवटाला आलं होतं. मिस्त्री सलग तीस तास पायांवर होते. इंजिनिअरनी त्यांना बळजबरीनं तासभर पडायला पाठवलं. इकडे दर दहा मिनिटांनी वरून विचारणा, "अजून किती वेळ?" पडायला जाताना मिस्त्रींनी फ्यूज परत लावला होता, कारण मधून-मधून चेन थोडी पुढे घेऊन पाहावी लागत होती, आणि पुढच्या माणसानं तो पुन्हा काढून घ्यायचा होता. घाईत कोणी काढला नाही. एकोणीस वर्षांचा एक हेल्पर दोन कड्यांची भोकं जुळवून पिन घालत होता. खालून कोणी तरी हाक दिली. वरच्या माणसाला वाटलं, इशारा झाला. त्यानं बटण दाबलं. चेन वीतभर सरकली. वीतभरच. मुलाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं तिच्यात लिहिलं गेलं. नुकसानभरपाई मिळाली. त्या वेळच्या १९४८च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ कोणी, कसे कपडे घालून, काय काम करावं याचं कलम होतं. पण यंत्र थांबलेलंच राहील याची हमी त्या रात्री त्या जागी कोणाच्याच हातात नव्हती. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत राहिली. साखरेच्या गोदामाला दोन कुलपं होती. एका पोत्यासाठी दोन माणसांच्या दोन किल्ल्या. आणि ज्या खटक्यापाशी माणसांचे हात अडकलेले असतात, त्याला एकही कुलूप नव्हतं. जी व्यवस्था आम्ही शंभर किलो साखरेसाठी करत होतो, ती एक म्हातारा फिटर स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या खिशात, माणसांसाठी करत होता. तो तासभर झोपला आणि ती व्यवस्थाही झोपली.

आज चांगल्या कारखान्यांत ही रीत रुजली आहे. दुरुस्तीला जाणारा प्रत्येक जण मुख्य खटक्याला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःजवळ ठेवतो. पाच माणसं आत गेली तर पाच कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होऊच शकत नाही. मिस्त्रींना हे कळलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, यात नवीन काय?

मिस्त्रींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. चेनचं नावसुद्धा काढलं नाही. ते स्वतःलाच दोष देत राहिले. "फ्यूज माझ्या खिशात पायजे हुता," एवढंच म्हणत. मी मात्र माझ्या लाल शाईबद्दल त्यांच्यापाशी कधी बोललो नाही. तो मुलगा पुढे वजनकाट्यावर लागला. पगाराच्या दिवशी बँकेत यायचा. नोटा मोजताना त्याला गड्डी टेबलावर ठेवून एका हातानं मोजावी लागे. त्या दिवशी मी काउंटरच्या बाजूला बघत नसे.

बँकेच्या नोकरीत 'घसारा' हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल. यंत्र विकत घेतलं की त्याची किंमत वहीत येते आणि दर वर्षी ठरलेल्या टक्क्यांनी ती कमी होत जाते. हा घसारा टक्क्यांचा. तो उसातली वाळू ओळखत नाही आणि पिनेचा खळगाही ओळखत नाही. मिस्त्रींचा घसारा नखाला लागणारा होता. आमच्या वहीत त्यांचं काम कुठं दिसे? खर्चाच्या बाजूला. त्यांनी वाचवलेले अडतीस तास, न तुटलेल्या चेनी, शाबूत राहिलेली बोटं, यांना रकानाच नव्हता. जे घडलं नाही त्याची नोंद जमाखर्चात होत नाही. म्हणून काटकसरीची वेळ आली, की कात्री पहिल्यांदा तिथंच चालते. आणि कात्री चालवणारा माणूस कधीच त्या यंत्रापाशी उभा नसतो.

ही गोष्ट काही आमच्या तालुक्यापुरती नाही. आमची चेन तुटण्याच्या तीन वर्षं आधी, १९८४च्या डिसेंबरच्या दोन तारखेच्या रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. त्या टाकीत पाणी कसं शिरलं यावर वाद झाले, पण बाकीची यादी वाचताना मला माझी चोवीस पानं आठवतात. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. सुटलेला वायू ज्या मनोऱ्यात जाळून टाकायचा, तिकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढलेला होता आणि नवा बसायचा राहिला होता. देखभालीची माणसं कमी केलेली होती. कुठल्या तरी कचेरीत कोणी तरी शेरा मारला असेलच. पुढे बघू.

आपल्याकडे यंत्राची पूजा होते. खंडेनवमीला पान्यांना, हातोड्यांना गंध लागतं, लेथला झेंडूची माळ चढते. नवं यंत्र आणलं की नारळ, फीत, फोटो. पण रोज ते पुसणाऱ्या हाताला आपण मान देत नाही. जपानी कारखानदारांनी १९७०च्या सुमारास ही चूक ओळखली. यंत्र चालवणाऱ्यानंच ते रोज पुसायचं, कारण पुसणं म्हणजेच तपासणं, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. पुसणाऱ्याच्या हाताला सैल बोल्ट लागतो, गळती दिसते, तडा कळतो. आपल्या घरातल्या बायकांना हे कोणी शिकवलेलं नाही. कुकरची शिट्टी नेहमीसारखी वाजत नाही, हे त्यांना स्वयंपाकघराच्या बाहेरूनही समजतं.

१९८८च्या जुलैत कारखान्यात मिल रोलरचं पूजन होतं. दुरुस्त होऊन रोलर पुन्हा जागी बसतो, तेव्हा हा छोटा समारंभ असतो. चेअरमन, संचालक, नारळ. त्या वर्षी यादीत पहिलीच बाब चेनची होती आणि मी ती न वाचता मंजूर केली होती. तेही चूकच म्हणा. समारंभ संपल्यावर मिस्त्रींनी मला बोलावून नवी चेन दाखवली. तिला अजून कारखान्याचं वंगण लागायचं होतं. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, शेतकरी नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा. मग म्हणाले, "आता हिला बोलाय पाच-सात वर्सं लागतील. तवर तुमी बदलून जासाल. म्होरल्या साहेबास्नी सांगून जावा." मी पुढच्याच वर्षी बदलून गेलो. पुढच्या साहेबांना द्यायच्या टिपणात पहिल्या ओळीवर चेन होती.

मिस्त्री आता नाहीत. ती झिजलेली पिन माझ्याकडे आहे. चार कादंबऱ्यांची हस्तलिखितं तिच्या वजनाखाली राहिली, पण तिच्याबद्दल मी आजवर लिहिलं नव्हतं.

सोसायटीत मतदान झालं आणि लिफ्टचा करार थोडक्यात वाचला. परवा लिफ्टवाल्या कंपनीचा मुलगा आला होता. पंचविशीचा असेल. मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. तळच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी तो मीटरच्या खोलीत गेला, मुख्य खटका पाडला, त्याच्या कडीत एक लहानसं लाल कुलूप अडकवलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बाजाराच्या पिशव्या घेऊन आले. लिफ्ट बंद बघून म्हणाले, "झालं का? आणि आपण पैसे भरतो!"

मी म्हणालो, "पंधरा मिनिटं थांबा. बसा इथं माझ्याजवळ, एक गोष्ट सांगतो." ते बसले. खड्ड्यातून पान्याचा आवाज येत होता.